पुढे किती गाड्या आहेत?

आधीच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीत बोललं की पाच रुपये दंड होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी मैत्री कधी झालीच नाही. ‘इंग्लिश सेक्शनला दे ना, तिथे जागा आहे,’ असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सुचवून पाहिलं. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याला इंग्लिश सेक्शन वाचता येत नाही. म्हणून मराठीत. चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

आमच्या हॉस्टेलवर रविवारी रात्री मेस बंद असते. सगळीकडे मॅगीचा वास आणि कॉरिडॉरच्या प्रत्येक खांबाला टेकून घरी फोन लावणारी एकेक मुलगी, असा तो सीन. माझा फोन साधारण असा असतो.

“पप्पा, कुठे आहात?”

“लायनीत.”

“जेवलात?”

“जेवीन. तू जेवलीस का?”

फर्स्ट इयरला माझी रूममेट सहा महिने हे ऐकत होती. एक दिवस तिने अगदी मनापासून विचारलं, “ए, तुझे पप्पा नेहमी लायनीलाच असतात. कुठे आलं गं हे लायनी? तालुका कुठला?”

मी हसून हसून लोळले! मग तिला सांगितलं की बाई गं, लायनी हे गाव नाही, ती लाइन आहे. कंटेनरच्या ट्रेलरची. उरणच्या बाजूला, न्हावा-शेवा बंदराच्या आसपास. माझे पप्पा ट्रेलर चालवतात. हे सांगून झाल्यावर लक्षात आलं, की कॉलेजमध्ये ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय.

आम्ही कळंबोलीत राहतो. मूळ गाव जामखेड तालुक्यातलं. शाळेच्या फॉर्मवर ‘फादर्स ऑक्युपेशन’च्या रकान्यात मी ‘ट्रान्सपोर्ट’ असं लिहायचे. खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याला चार-पाच गाड्यांचा मालक दिसावा एवढी सोय त्यात होती. नववीत मला सायन्सचं बक्षीस मिळालं. पप्पा येणार होते. गाडी लाइनीत अडकली, आले नाहीत. मैत्रिणींना वाटलं मी रडणार. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आपले वडील त्या घामेजलेल्या शर्टात त्या हॉलमध्ये येणार नाहीत, म्हणून.

हे असलं काही मासिकात लिहितात का ते माहीत नाही. पण पुढचं सांगायचं तर हे आधी सांगायला हवं.

तर मुद्दा असा. या वर्षी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च हा विषय होता. त्यात एक चॅप्टर आहे क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं शास्त्र. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोन कॉल्सच्या गणितावर पेपर लिहिला, तिथून हे शास्त्र सुरू झालं. मिनी प्रोजेक्टसाठी सरांनी सांगितलं, कुठलीही खरी रांग बघा आणि स्वतः डेटा आणा. अर्ध्या वर्गाने मेसची रांग घेतली, उरलेल्यांनी झेरॉक्सच्या दुकानाची. मी दिवाळीच्या सुट्टीत पप्पांना म्हटलं, मला एक दिवस गाडीवर न्या.

“तू येऊन काय करणार? नुसतं बसायचं असतं.”

“तेच मोजायचंय.”

“तिथं बाईमाणसाची काही सोय नसती पोरी.”

आई मध्ये पडली, म्हणून नेलं. निघताना एक बाटली पाणी, चार चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझी वही.

त्या दिवशी गाडीवर रिकामा कंटेनर होता. आपल्याला वाटतं कंटेनर म्हणजे बंदर ते फॅक्टरी, संपलं. तसं नाही. माल उतरवला की रिकामा डबा शिपिंग कंपनीने सांगितलेल्या यार्डात परत नेऊन द्यावा लागतो. त्याला सगळे ‘एम्प्टी यार्ड’ म्हणतात. डबा परत करायला ठरावीक दिवस मोकळे मिळतात, त्यानंतर दर दिवसाचा दंड लागतो. त्यामुळे मुदत संपायच्या दिवशी सगळ्यांचीच घाई. आम्ही गेलो ते यार्ड कुठलं, ते इथे लिहीत नाही. पप्पांना उद्या परत तिथेच जायचंय!

सकाळी ८:४० ला आम्ही लाइनीला लागलो. मी खाली उतरून पुढपर्यंत चालत गेले आणि गाड्या मोजल्या. ४६. एकेक ट्रेलर पन्नासेक फुटांचा, म्हणजे मधल्या जागा धरून अर्ध्या मैलापेक्षा जास्त लांबीची रांग. पहिल्या तासात गेटमधून आठ गाड्या बाहेर पडल्या. मी वहीत हिशेब मांडला. लिटल्स लॉ म्हणून एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. रांगेतली संख्या भागिले तासाला सुटणारे, बरोबर थांबायचा वेळ. ४६ भागिले ८, पावणेसहा तास.

“पप्पा, अडीचच्या आसपास आपला नंबर लागेल.”

पप्पांनी आरशातून मागे बघितलं, पुढे बघितलं. “साडेचार,” ते म्हणाले आणि चपातीचा डबा काढला.

आता ही साडेचारची भानगड काय, ते कळायला दिवस जावा लागला. एक ते दोन मशीनवाल्याची जेवणाची सुट्टी. मशीन म्हणजे रीच स्टॅकर, ट्रेलरवरून डबा उचलून थप्पीला लावणारं. ते एकच चालू होतं, दुसरं बंद पडून उभं. दोननंतर चाळीस मिनिटं ‘सर्व्हर डाउन’. मध्येच दोन गाड्या कुणाच्या तरी ओळखीने बाजूने आत गेल्या. आमचा नंबर लागला ४:२० ला. माझ्या फॉर्म्युल्यात जेवणाची सुट्टी नव्हती, सर्व्हर नव्हता, ओळखही नव्हती. पप्पांच्या हिशेबात ते सगळं होतं. दहावी नापास माणसाने थर्ड इयर मेकॅनिकलला दोन तासांनी हरवलं!

पण त्या आठ तासांत मी जे पाहिलं ते वहीत मांडता येण्यासारखं नव्हतं.

पहिलं म्हणजे, झोपता येत नाही. बाहेरून आपल्याला वाटतं की गाडी उभी आहे, ड्रायव्हर मस्त आराम करत असेल. पण दर सात-आठ मिनिटांनी लाइन एक गाडीभर सरकते. डोळा लागला आणि पुढे जागा पडली, की मागचा हॉर्न मारतो नाहीतर बाजूचा घुसतो. म्हणजे आठ तासांत चाळीसपेक्षा जास्त वेळा इंजिन चालू करायचं, पन्नास फूट जायचं, बंद करायचं. ही ना झोप, ना जाग.

दुसरं, गरम. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे मी पप्पांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं झालं. ही गाडी २०१६ ची आहे.”

तिसरं, पाणी. सकाळपासून मी अर्धी बाटली संपवली. पप्पांनी चार वाजेपर्यंत दोनदा घोट घेतला. म्हटलं पप्पा, पाणी प्या. ते म्हणाले, प्यायलं की उतरायला लागतं, उतरलं की लाइन जाते. गेल्या वर्षी त्यांना मुतखडा झाला होता. डॉक्टरांनी ‘दिवसाला तीन लिटर पाणी’ असं लिहून दिलं होतं. तो कागद आईने फ्रीजवर चिकटवलाय. तेव्हा आई आणि मी दोघींनी त्यांना बोलून घेतलं होतं, ‘तुम्ही मुद्दाम ऐकत नाही’ म्हणून. लाइनीत बसल्यावर कळलं, तीन लिटर पाणी पिणं ही घरी बसणाऱ्यांची गोष्ट आहे.

माझीही पंचाईत झालीच. अर्धा किलोमीटर मागे एक हॉटेल होतं, तिथल्या मावशींनी आत नेलं. त्या म्हणाल्या, “लेक आहेस होय त्यांची? नेहमी सांगतात, इंजिनेर होणाराय म्हणून.” म्हणजे पप्पा मला लपवत नव्हते.

पुढच्या गाडीत जौनपूरचे एक काका होते. केबिनमध्येच छोट्या गॅसवर बटाट्याची भाजी करून त्यांनी एका ताटलीत आमच्याकडे पाठवली. त्यांचा तो लाइनीतला दुसरा दिवस होता. आदल्या संध्याकाळी नंबर येईपर्यंत गेट बंद झालं.

दुपारी मी पप्पांना प्रोजेक्टचा प्रश्न विचारला. आमच्या पुस्तकात हमखास एक गणित असतं. गोदामावर ट्रक येतात, उतरवायला इतके हमाल, ट्रकची वेटिंग कॉस्ट तासाला इतके रुपये, हमालाची मजुरी इतकी, तर किती हमाल ठेवावेत? मला ती वेटिंग कॉस्ट हवी होती.

“पप्पा, तुम्ही एक तास थांबलात तर तुम्हाला किती मिळतात?”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. “थांबायचे कुठं मिळतात? पगार थोडा, बाकी फेरीवर. फेरी झाली की पैसे. महिन्यात पंधरा झाल्या तर पंधराचे, आठ झाल्या तर आठचे.”

“आणि लाइनीतला वेळ?”

“तो काय, जातो.”

हॉस्टेलवर परत आल्यावर मी शोधाशोध केली. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, मुंबईच्या जुन्या बंदरावरचा भार कमी करायला. आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०२४-२५ या एका वर्षात तिथे सुमारे ७३ लाख टीईयूंची चढ-उतार झाली. (वीस फुटी डबा म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन.) त्यातले काही डबे रेल्वेने जातात, बहुतेक पप्पांसारख्यांच्या पाठीवर.

आता गंमत बघा. जहाज उभं राहिलं की त्याचं दिवसाचं भाडं चालू, म्हणून जहाज लवकर सोडायची सगळ्यांना घाई. डबा मुदतीबाहेर राहिला की दंड चालू. डब्याने यार्डात जागा अडवली की जागेचं भाडं चालू. म्हणजे जहाजाला मीटर आहे, डब्याला आहे, जमिनीलासुद्धा आहे. या सगळ्या साखळीत मीटर नसलेला एकच आहे, स्टिअरिंगवर बसलेला माणूस. त्यामुळे वेळ कुठेही वाया जायचा असला, की तो घरंगळत शेवटी त्याच्याकडे येतो. तिथे तो फुकट आहे ना!

२७ जून २०१७ ला जगभर पसरलेल्या एका कॉम्प्युटर व्हायरसमुळे इथल्या एका टर्मिनलची यंत्रणा बंद पडली होती. मी तेव्हा सहावीत होते. पप्पा तीन दिवसांनी घरी आले. त्या वेळी कंपन्यांचं नुकसान किती झालं ते पेपरात आलं. पप्पांच्या बुडालेल्या फेऱ्या कुठल्याच आकड्यात नव्हत्या.

लॉ करणाऱ्या एका मैत्रिणीने मला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा काढून दिला. (तो आता २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला गेलाय.) त्यात दिवसाला आठ तास काम असं ठरवलेलं होतं. मग ‘कामाचे तास’ म्हणजे काय याची व्याख्या. गाडी चालवण्याचा वेळ त्यात येतो, त्याला जोडून असलेली कामं येतात आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळही येतो, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. मी ते वाक्य तीनदा वाचलं. पंधरा मिनिटांच्या पुढचं काय, ते त्या वाक्यात नाही. आमचे त्या दिवशी झाले होते ४६० मिनिटं.

बरं, हे नुसतं पैशांचंही नाही. त्या दिवशी ४:२० ला आत गेल्यावर मला गेटवर उतरावं लागलं, कारण पास फक्त ड्रायव्हरचा. आत सर्व्हेअरने डब्याची तपासणी केली. डब्यात उभं राहून दारं लावून घेतात आणि कुठून उजेड येतो का बघतात. आला तर डब्याला भोक. आमचा पास झाला. मशीनने डबा उचलायला लागली फक्त चार मिनिटं! मग पप्पांनी मला कळंबोलीला सोडलं आणि दुसरा भरलेला डबा घेऊन रात्री चाकणला निघाले. सकाळी फॅक्टरीच्या गेटवर पोचायचं होतं. त्यांच्या शेठच्या हिशेबात त्यांचा दिवस तिथून सुरू झाला. माझ्या वहीप्रमाणे ते तोपर्यंत बारा तास जागे होते आणि पुढे खंडाळ्याचा घाट होता. आई रात्री झोपत का नाही आणि ‘घाट चढलात का’ एवढंच विचारायला फोन का करते, हे मला विसाव्या वर्षी कळलं.

आता कुणी म्हणेल, सुधारणा होतच नाहीत का? होतात. २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावायला सुरुवात झाली, डबा कुठे आहे ते कळतं. बंदराजवळ दीडएक हजार ट्रेलर उभे राहतील असं मोठं पार्किंग झालंय, आधी हे सगळे रस्त्यावर असायचे. पप्पाच सांगतात की पूर्वी याहून वाईट होतं. आणि दुसरीकडे काय करतात तेही मी वाचलं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरात २०११ मध्ये नियम आला. ट्रकने ठरलेली वेळ चुकवली तर ट्रक कंपनीने दंड भरायचा, आणि टर्मिनलने ट्रकला ठरल्यापेक्षा जास्त थांबवलं तर टर्मिनलने ट्रक कंपनीला पैसे द्यायचे. ते पैसे कंपनीला मिळतात, ड्रायव्हरच्या खिशात जातातच असं नाही. पण निदान थांबण्याला रेट लागला!

मी प्रोजेक्टमध्ये तेच करून पाहिलं. समजा एक मशीन तासाला दहा गाड्या उतरवू शकतं. तासाला आठ गाड्या आल्या, तर पुस्तकातल्या सूत्राने प्रत्येकीला सरासरी अर्धा तास लागतो. नऊ आल्या, एक तास. साडेनऊ आल्या, दोन तास. म्हणजे मशीन जितकं ‘पूर्ण वापरात’ ठेवाल, तितकी बाहेरची लाइन वेड्यासारखी वाढते. आता त्याच साडेनऊ गाड्यांना दुसरं मशीन दिलं, तर दोन तासांचे होतात आठ मिनिटं. मी दोनदा तपासलं. आठच. दर तासाला सतरा-अठरा ड्रायव्हर-तास वाचतात.

मग दुसरं मशीन का नसतं? कारण त्याला पैसे पडतात आणि ड्रायव्हरच्या तासापुढे शून्य लिहिलंय. त्या जागी शंभर रुपये जरी टाकले, तरी तासाला सतराशे-अठराशे रुपयांचा विचार करावा लागतो. शून्य टाकलं की विचारच संपला. इतकी वर्षं मला वाटायचं शून्य म्हणजे काही नसणं. तोही एक आकडाच आहे, आणि तो कुणीतरी टाकलेला असतो.

व्हायवाला सरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. “ही वेटिंग कॉस्ट कुठून आणलीस?”

“सर, गाडी चालू असताना ड्रायव्हरला तासाला जे पडतं, तेच धरलंय.”

“असं कोणी देतं का?”

“नाही सर.”

सर थोडा वेळ जर्नलकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असू दे. पण असम्प्शन म्हणून लिही.”

म्हणून आता माझ्या जर्नलमध्ये पान १४ वर, असम्प्शन क्रमांक ४ असं आहे: ‘ड्रायव्हरच्या थांबण्याच्या वेळेला किंमत आहे.’ २५ पैकी २१ मार्क मिळाले. त्याच दिवशी ऑफिसमधून स्कॉलरशिपचा फॉर्म आणला. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात या वेळी नीट लिहिलं, ट्रेलर ड्रायव्हर.

मागच्या रविवारी परत मेस बंद, परत मॅगी, परत तोच खांब.

“पप्पा, कुठे आहात?”

“लायनीत.”

पूर्वी मी इथे ‘बरं, अभ्यास आहे, ठेवते’ म्हणायचे. लाइनीत त्यांना दुसरं काही करण्यासारखं नसतं म्हणून ते बोलत बसतात, असं वाटून कंटाळायचे. या वेळी विचारलं, “पुढे किती गाड्या आहेत?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “बावीस. का गं?”

“तासाला किती सुटतायत?”

“आज बरं चाललंय. धा-अकरा.”

म्हणजे दोन तास. जेवणाची सुट्टी रात्री नसते. सर्व्हरचा अर्धा तास धरला.

“पाणी प्यायलात?”

“पितो.”

“आत्ता प्या. मी ऐकतेय.”

बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मी खांबाला टेकून खाली बसले. मॅगी गार होत होती, होऊ दे म्हटलं.